कूलरखालची गाडी

होळीची राख गार झाली की आमच्या ले-आउटमध्ये घराघरांतून कूलर बाहेर निघतात. वर्षभर मागच्या खोलीत जुन्या गाठोड्यांखाली दबलेला तो लोखंडी डबा दोघांनी धरून अंगणात आणायचा, कुजक्या वासाच्या गवताच्या ताट्या काढून फेकायच्या, टाकीच्या तळाला बसलेली पांढरी खरड घासायची, गंजल्या जागी काळा रंग फासायचा आणि मग पुन्हा खिडकीशी अँगलवर चढवायचा. नागपूरच्या या हुडकेश्वर भागात बोअरचं पाणी जड, त्यामुळे ती पांढरी खरड दरवर्षी न चुकता असते. यंदा कूलर चढवायला आलेल्या माणसानं विचारलं, "कुठं लावू ताई, त्याच खिडकीत?" मी म्हटलं, "त्याच." आत खाटेवर आमच्या यांनी डोळे मिटून घेतले होते. ते झोपलेले नव्हते, हे मला कळत होतं.

मी थकलेली बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. रामदासपेठेतल्या एका इस्पितळात सिस्टर आहे आणि बरीच वर्षं रात्रपाळी करते आहे. रात्रपाळी मला सोयीची, कारण दिवसा यांच्याजवळ राहता येतं. रात्री शेजारच्या शोभाताईंचे यजमान येऊन झोपतात. यांना लकवा मारला त्याला आता पाच वर्षं होतील. उजवी बाजू गेली आणि बोलणंही बरंचसं गेलं. शब्द आहेत, पण एका वेळी एक, फार तर दोन, आणि तेही शोधून आणावे लागतात. पूर्वी हा माणूस पानठेल्यावर उभा राहिला की अर्धा तास हलायचा नाही. आता मोजकं बोलतो, आणि जे बोलतो ते खरं असतं.

गाडी यांची. हे सरकारी खात्यात ड्रायव्हर होते आणि ती पांढरी अँबॅसॅडर सगळी नोकरीभर यांच्याच हातात होती. साहेब बदलले, गाडी बदलली नाही. ती निकालात निघाली तेव्हा लिलावात यांनीच घेतली. ऑफिसातली माणसं हसली, मीही हसले, कारण आमच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता. मग रोज संध्याकाळी हे मला त्या गाडीतून ड्यूटीवर सोडायला लागले. मी मागच्या सीटवर बसावं असा यांचा हट्ट असे. म्हणायचे, "इतके साहेब बसवले, आता सिस्टर बसवून पाहतो." इस्पितळाच्या फाटकाशी उतरून माझ्यासाठी दार उघडायचे. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

लकवा झाल्यावर हे घराबाहेर पडले ते फक्त अँब्युलन्समधून. ऑटोत बसवायचं तर गुडघा वळत नाही, नव्या गाड्यांत शिरायचं तर माणसाला वाकून आत घुसावं लागतं. अँबॅसॅडरचं तसं नाही. दार उंच, सीट सोफ्यासारखी सलग. खाटेवरून खुर्चीवर सरकवतो तसं सरकवलं की माणूस आत. दोन वर्षं मी मनाशी म्हणत होते, जरा उसंत मिळू दे, गाडी सुरू करून घेऊ आणि यांना बाहेर काढू. उसंत मिळाली तेव्हा डिकी उघडली, आणि डिकीतून खालची जमीन दिसली. मागच्या सीटखाली पाय टेकवला तर पत्र्याचा पापड मोडावा तसा आवाज झाला. तळच उरला नव्हता. ज्या सीटवर यांना बसवायचं तीच अधांतरी होती.

दोनतीन ठिकाणी दाखवली. सगळ्यांचं एकच म्हणणं, भंगारात द्या. शेवटी कुणीतरी कामठीच्या रामटेके मिस्त्रींचं नाव सांगितलं. लष्कराच्या छावणीतल्या गाड्यांचे पत्रे ठोकण्यात त्यांचा जन्म गेला होता. ट्रकला टोचन लावून गाडी तिथवर ओढत नेली. म्हातारा बाजेवर बसला होता, डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला बारीकसा कंप. उठून गाडीभोवती फिरला, डोळ्यांनी पाहण्यापेक्षा बोटांनीच चाचपत. मग म्हणाला, "घेतो. पण घरचं माणूस येऊन जंग घासत असन त घेतो."

"घरचे तर खाटेवर आहेत," मी म्हटलं.

"मंग तुम्ही या."

"मले काय येते काका त्यातलं? आणि रात्रपाळी असते मले."

"रात्रपाळी रात्री राहते न जी. सकाळी या."

ही त्यांची रीतच होती. जुनी गाडी आली की मालकाच्या घरचं कोणीतरी घासायला बसलंच पाहिजे. कारागीर मिळत नव्हते असं नाही. ते म्हणत, "बाहेरचा माणूस जंग घासत नाही, वरून पुट्टी मारून मोकळा होते. ज्यानं वापरली त्यानं घासावं. म्हणजे समजते का झालं." आणि एक अट आणखी घातली. मृगाच्या आत संपली तर संपली. एकदा हवा ओली झाली की ते पत्र्याला हात लावत नव्हते, आणि पुढच्या वर्षी डोळे राहतील याची त्यांना खात्री नव्हती. माझ्यापाशी एक उन्हाळा होता.

तो उन्हाळा मी कसा काढला हे आता आठवलं तरी अंग जड होतं. सकाळी आठला ड्यूटी सुटायची. इस्पितळासमोर तर्री-पोहे खायचे, ते खाताना डोळे मिटायचे. मग कामठीचा शेअर ऑटो, तोंडाला दुपट्टा बांधून दोन माणसांच्या मधे बसून झोप. साडेअकरापर्यंत घासायचं, कारण त्यानंतर पत्र्याला हात लागत नसे, भाजत असे. मग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला घरी. तोवर शोभाताई यांच्याजवळ बसलेल्या असत. त्या माझ्याकडे पाहून म्हणत, "काहून जिवाचे हाल करून राहिली वं? लोखंडच आहे ना ते."  यांना जेवण भरवून, कुशीवर वळवून, खाटेशेजारी चटई टाकून मी पडायची ती थेट संध्याकाळी उठायची.

घासण्याचं काम तसं बिनडोक दिसतं. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, आणि तपकिरी धूळ. ती नाकात जाते, जिभेवर लोखंडाची चव येते, रुमाल चहात बुडवल्यासारखा होतो. पण म्हातारा मला आधी घासू देईना, ऐकायला लावी. स्क्रूड्रायव्हरची मूठ पत्र्यावर मारायचा. "ऐका." टण्. दोन बोटं पुढे सरकायचा. "आता?" टण्. आणखी पुढे, रंग तसाच चकचकीत, आणि आवाज ठप्. "हे गेलं," म्हणायचा आणि तिथं खडूनं फुली मारायचा. डोळे गेल्यावर कान आले, असं काहीतरी त्यांचं झालं होतं. आठवड्याभरात मलाही तो फरक कळायला लागला. मग वॉर्डात पेशंटच्या पाठीवर बोटं मारून छाती तपासणारे डॉक्टर पाहिले की मला रामटेके काका आठवत.

"दिसते तेवढा जंग नसते, सिस्टर. खाली जास्त राहते." हे मात्र मला शिकवावं लागलं नाही. खाटेवर पडून राहिलेल्या माणसाच्या कमरेला वर रुपयाएवढा डाग दिसतो आणि आत मूठ जाईल एवढं पोकळ निघतं. वरून झाकून चालत नाही, निरोगी भाग लागेपर्यंत काढावंच लागतं. फुलीच्या बाहेर बोटभर चांगला पत्रा धरून ते कापत, तेव्हा मी मान डोलवत असे. त्यांना ते आवडे. नवा पत्रा बसवताना ते वेल्डिंगचा सलग जोड मारत नसत. इथं एक टाका, तिकडे समोर एक टाका, मग मधे, मग पुन्हा थांबायचं. एका रांगेत घाईनं टाके घातले की पत्रा तापतो आणि वाकडा होतो. थांबणं हे या कामातलं निम्मं काम होतं, आणि माझ्यापाशी तेवढंच नव्हतं.

एकदा मी त्यांना रडकुंडीला आणलं. डिकीची अख्खी बाजू घासून पांढरीशुभ्र केली होती, आरशासारखी. ते जोड मारण्यात गुंतले होते. निघताना मला वाटलं, धूळ तशीच राहिली आहे, स्वच्छ करून जावं. सवयच ती. बादलीतलं पाणी घेतलं, फडका पिळला आणि जखम पुसावी तशी सगळी बाजू पुसून काढली. दुसऱ्या दिवशी गेले तर पत्र्यावर केशरी साय आली होती, आणि जिथं मी आधारासाठी हात टेकला होता तिथं माझ्या घामेजल्या हाताची पाचही बोटं उमटली होती.

काकांनी त्या ठशांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पाण्यानं पुसलं?"

"हो."

"सिस्टर, ह्या पेशंटले आंघोळ नसते."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफी पत्र्याले मागा." आणि ब्रश माझ्या हातात दिला. उघड्या पत्र्याला पाणी नाही, हात नाही आणि रात्र नाही, एवढं त्या दिवशी शिकले. घासलं की त्याच दिवशी लाल प्रायमर लावून झाकायचं. माझ्या बोटांचे ठसे घासायला मला दोन सकाळी लागल्या. इस्पितळात एका पेशंटच्या आईनं माझी नखं पाहून विचारलं, लग्नकार्य होतं का, मेंदी चांगली रंगली आहे.

उन्हाळा अर्धा झाला आणि ती सकाळ आली. डिकीच्या आतल्या कडेची खाच घासत होते. डिकीचं झाकण बसतं ती सभोवारची पन्हळ, पाणी वाहून जाण्यासाठीच असते. तिथं गंजाच्या थरावर काहीतरी पांढरं, कडक, चुन्यासारखं जमलं होतं. मी ब्रशनं खरवडत होते, ते निघेना. काका जवळ आले, नखानं उकरलं, चिमटीत चुरगळलं.

"हे का आहे?"

"माती असेल."

"माती नाही. हे बोअरच्या पाण्याचं आहे. पावसाच्या पाण्याले पांढरं येत नाही." मग त्यांनी हात गाडीवरून फिरवत नेला. पुढचे मडगार्ड चांगले, छत चांगलं, दारं चांगली. सडली होती ती मागची एकच बाजू आणि तिच्याखालचं सगळं. "पाऊस चारी बाजूनं मारते, सिस्टर. हे एकाच जाग्यावर पडलं. थेंब थेंब, बहुत दिवस. गाडी कुठं उभी राहते?"

"पोर्चमध्ये."

"वर स्लॅब आहे?"

"आहे."

"मंग पाणी कुठून आलं?"

मला कळलं होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तेव्हाच कळलं होतं. मी म्हटलं, "माहीत नाही काका."

यांना घरी आणलं तो पहिला उन्हाळा. पुढच्या खोलीला दोन खिडक्या. बाजूच्या खिडकीत कूलर लावला असता तर हवा थेट यांच्या छातीवर आली असती, आणि डॉक्टरांनी लकवा झालेल्या बाजूवर थेट गार हवा नको म्हणून बजावलं होतं. म्हणून मी तो पोर्चकडच्या खिडकीत लावून घेतला. तिथून हवा यांच्या पायांना चाटून जायची आणि पुढे सरळ माझ्या चटईवर. खिडकीबाहेर, अँगलच्या बरोबर खाली, मागची बाजू भिंतीकडे करून लावलेली गाडी. तिची डिकी. ताट्यांतून आणि टाकीच्या कोपऱ्यातून जे पाणी ठिबकायचं ते तिथं पडायचं. वर पडलेलं आमच्याकडच्या उन्हात लगेच वाळून जाई, म्हणून दिसत नसे. आत गेलेलं आतच राही. जगात गाड्या समुद्राकाठी गंजतात, बर्फात गंजतात म्हणे. आमची गाडी भर मे महिन्यात नागपुरात गंजली, आणि ती मी गंजवली.

मला फार वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, भीती वाटली. या माणसाचं चालणं गेलं, बोलणं गेलं, उरलेली एक वस्तू मी माझ्या हातानं सडवली, आणि हे त्याला सांगायचं कसं? मी सांगितलं नाही. त्या दुपारी चटईवर पडले आणि पहिल्यांदाच झोप लागली नाही. कूलरच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मग वीज गेली, खोली एकदम गप्प झाली, आणि बाहेर पोर्चमध्ये आवाज सुरू झाला. टप. टप. गाडी कामठीला होती, थेंब रिकाम्या फरशीवर पडत होते. मी मान वळवून पाहिलं तर यांचे डोळे उघडे होते आणि ते खिडकीकडे पाहत होते. मी घाईनं डोळे मिटून घेतले.

त्यानंतर मी वेड्यासारखी घासली. काका म्हणायचे, हळू जी, चांगला पत्राही खाऊन टाकान तुम्ही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, लागला तशी शेड भट्टी झाली, थिनरच्या वासानं डोकं गच्च होई. सुट्टीच्या दिवशीही जाऊ लागले. खाली तळ आला, मागची सीट बसली, डिकीचं झाकण टण् वाजायला लागलं. उरलेल्या पत्र्याचा एक लांब तुकडा काकांकडून मागून घेतला आणि त्यांच्यासमोर बसून एकटीनं कापला, कडा वळवल्या, लाल प्रायमर लावलं. थोडा वाकडा झाला. काकांनी तो बोटांनी चाचपला आणि विचारलं, "हे का बनवलं?"

"पन्हळ," मी म्हटलं. "कूलरखाली लावायची आहे."

 त्यांनी पन्हळीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ एकदा मारली, ऐकलं आणि परत दिली. "चांगली आहे," म्हणाले. बहुधा त्यांना त्या पांढऱ्या खरडीपाशीच सगळं समजलं होतं. घरच्या माणसाला घासायला बसवायची त्यांची रीत का आहे, ते मलाही तेव्हा समजलं.

मृगाला तीनचार दिवस होते तेव्हा गाडी घरी आली. रविवारी ऊन उतरल्यावर शोभाताईंच्या यजमानांनी आणि मी यांना धरून मागच्या सीटवर सरकवलं. उशी लावली. चालवायला मी बसले. मला यांनीच शिकवली होती, तरी इतक्या वर्षांनी गियर दोनदा अडकला. आरशात पाहून म्हटलं, "आता मी साहेब बसवून पाहते." अर्धा चेहरा हसला.

कुठं जायचं ते विचारलं नाही, हात नेहमीच्या रस्त्यानं गेले. रामदासपेठेत इस्पितळाच्या फाटकाशी गाडी उभी केली तर नवीन वॉचमननं पांढरी अँबॅसॅडर पाहून कोणी मोठा माणूस समजून उभं राहून सलाम ठोकला. यांनी डावा हात उचलून तो घेतला. इतके खूश मी त्यांना आजारानंतर पाहिलेच नव्हते. आणि त्या खुशीचंच मला ओझं झालं. इंजिन सुरूच होतं. मी समोर पाहत म्हटलं, "एक सांगू? गाडी पावसानं नाही सडली. कूलरच्या पाण्यानं सडली. कूलर मीच लावला तिथं."

 मागून शब्द आला. "माहीत."

"काय माहीत?"

त्यांनी डाव्या हाताचं बोट काचेवर दोनदा आपटलं. टप, टप. "डिकीवर," म्हणाले.

मी मागे वळले. "दोन्ही उन्हाळे?"

त्यांनी मान हलवली. पूर्वी रोज सकाळी पिवळ्या फडक्यानं ही गाडी पुसणारा माणूस दोन उन्हाळे, वीज जाऊन कूलर थांबला की, खाटेवर पडून तिच्यावर पडणारा थेंब न् थेंब ऐकत होता.

"मग सांगतलं काहून नाही तुम्ही? नुसतं बोट दाखवलं असतं तरी मी कूलर हलवला असता."

ते शब्द शोधायला लागले. शोधताना त्यांची मान थोडी थरथरते, ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. अशा वेळी मधे बोलायचं नसतं, हे मी शिकले आहे. फाटकातून दिवसपाळीच्या मुली हसत बाहेर पडत होत्या.

"तू," ते म्हणाले. मग थांबले. मग उरलेलं घेऊन आले. "तू झोपून राहिली होती."

 मागचा दिवा नीट लागतो का पाहते, असं म्हणून मी खाली उतरले, डिकीपाशी गेले आणि तिच्यावर हात टेकून बराच वेळ तिथंच उभी राहिले.